सात रतांबे

देवगड
ता. १२ एप्रिल १९५६

चंद्रावतीताईंना विमलाचा नमस्कार.

तुम्हाला ताई म्हणू की आणखी काही, हे ठरवण्यातच माझे दोन दिवस गेले. तुम्ही मला पाहिलेलं नाही. पंचांसमोर तुमची काडीमोड झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी याच घरात माझं लग्न झालं. म्हणजे तुमच्या जागी आले ती मी. हे वाचून पत्र चुलीत टाकलंत तरी मी रागावणार नाही, पण आधी पुरतं वाचा.

घरामागचं परसू साफ करून तिथे हापूसची कलमं लावायचं ह्यांनी ठरवलंय. सुक्या मासळीचा धंदा सांभाळून त्यांना परसात लक्ष घालायला वेळ नाही, म्हणून कोणतं झाड राखायचं आणि कोणतं तोडायचं ते मी ठरवावं असा हुकूम आहे. मी मिठबावची, आमच्याकडे माड आणि वाळू. इथे करवंदी आहेत, जांभळी आहेत, तोरणीची झुडपं आहेत, आणि विहिरीपलीकडे रांगेत सात रतांबे आहेत, त्यांना अजून फूलसुद्धा आलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जेणा लायली तेका विचार." त्या टोमणा मारत होत्या, पण मला तो सल्ला वाटला. चुकीचं झाड तोडलं गेलं तर बोलणी मलाच बसणार आहेत.

तुमच्या भावाच्या दुकानाचा पत्ता मी जुन्या वहीतून काढला. उत्तर घरी पाठवू नका. शेजारच्या नसीमाच्या नावाने पाठवा, तिचा नवरा बंदरावर कामाला असतो आणि टपाल तीच घेते.

विमला

* * *

तोंडवली
ता. २ मे १९५६

विमला हिला,

पत्र चुलीत टाकलं नाही. आधी टाकणार होते, पण चूल विझली होती.

तुला ताई म्हणायचं असेल तर म्हण. सवत म्हणालीस तर जास्त खरं होईल. मला मात्र आता तुझ्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसलीच बंदी नाही, म्हणून सांगते, तुकारामला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. त्याला मासळी कळते, तीही सुकलेली.

आता ऐक. कुंपणाला करवंदीच्या तीन जाती आहेत. रस्त्याच्या अंगाची लांबट आणि आंबट, ती हिरवी असतानाच लोणच्याला काढायची. ओहोळाकडची बारीक, गोल, काळीभोर, ती खायची. फाटकाजवळची दिसायला सगळ्यांत देखणी, पण तिला चीक इतका की ओठ चिकटून बसतात. ती मी नणंदेसाठी राखून ठेवत असे. तिन्ही राख, गुरं आत येत नाहीत. विहिरीकडची जांभूळ राय जांभूळ, मोठी आणि गराळ. गोठ्याकडची लेंडी जांभूळ, तिच्यात नुसती बी. ती खुशाल तोड. मात्र पोट बिघडलं की तुझी सासू तिच्याच सालीचा काढा घेते, तेव्हा तोडायच्या आधी तिला विचारून तिच्याच तोंडून हो म्हणवून घे. तोरणी तोडू नकोस. एप्रिलात दुसरं काही नसतं तेव्हा तिची पांढरी फळं पोटाला आधार देतात.

आणि माझे सात रतांबे. माझ्या मावशीच्या परसातला रतांबा अख्ख्या वाडीत नावाजलेला, लालभडक आणि जाड सालीचा, कोकमाची सोलं करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याच्या बिया राखेत घोळवून मी रुजवल्या. वीस रोपं आली. त्यातली सात जोमदार निवडली आणि बाकीची उपटून टाकली. रतांब्याला फुलायला आठ-नऊ वर्षं लागतात. तेवढा धीर त्या घरात कुणालाच नाही हे मी स्वतःवरून सांगते. मलाही नऊच वर्षं दिली होती. त्यांतला एकही तोडू देऊ नकोस.

इथे अंगणात एक पोर करवंदं घेऊन बसलंय आणि मला विचारतंय, कोंबडो की कोंबडी? आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. बाहेरून दोन्ही काळीच. मी दर वेळी चुकते.

पत्रं भावाच्या दुकानावरच पाठवत जा.

चंद्रावती

* * *

देवगड
ता. १० फेब्रुवारी १९५८

चंद्रावतीताईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. लेंडी जांभूळ सासूबाईंनी स्वतःच तोडू दिली नाही. करवंदीचं लोणचं दोन्ही वर्षं चांगलं उतरलं, त्याबद्दल मला कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे आवडलं असावं.

पण रतांब्यांनी माझा घात केलाय. गेल्या वर्षी थोडी फुलं आली आणि गळली. यंदा सातही झाडं फुलांनी भरून गेली. सासूबाईंनी झाडांना हळदकुंकू लावलं, मला प्रत्येकाच्या बुंध्याशी पाणी घालायला लावलं आणि वाडीभर सांगत सुटल्या की झाडं फळली की सून फळणार. मी खुळी, मलाही ते खरं वाटू लागलं. रोज पहाटे जाऊन पाहायचे. ताई, फुलं झडली आणि मागे एकसुद्धा फळ नाही. सात झाडांत एक नाही.

काल सासूबाई अंगणात उभ्या राहून चारचौघींसमोर म्हणाल्या, "वांजेच्या हातचा झाड, तेका फळ खंयसून येतला? आणि तेका पाणी घालता ती दुसरी वांज." सात वर्षं झाली मला या घरात येऊन. त्या बोटं मोजतात, सात झाडं आणि सात वर्षं. हे जेवून उठतात आणि बंदरावर जातात.

मी आजवर कुणाला उलट बोलले नाही, पण तुम्हाला बोलते. तुमच्या हाताचा गुण मला का लागावा? तुम्ही गेलात तेव्हा ही झाडं का घेऊन गेला नाहीत?

शेवटची चार फुलं राहिलेली एक डहाळी पाकिटात घालते आहे. सुकेल, पण फुलं ओळखू येतील. काय रोग आहे तो सांगा.

विमला

* * *

तोंडवली
ता. ३ मार्च १९५८

विमला,

तुझी डहाळी मिळाली. रोगबिग काही नाही.

फुलं घोसाने आली आहेत ना? एकेका पेराशी चार-चार, सहा-सहा, आणि आत पिवळ्या केसरांचा गुंता? ती नर फुलं आहेत. रतांब्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. मादीचं फूल बहुतेक एकटंदुकटं येतं आणि मधोमध त्याच्या पोटात हिरवी गाठ दिसते. नर झाडाला जन्मात फळ धरत नाही. तू पाणी घाल, हळदकुंकू लाव नाहीतर त्याच्यासमोर डोकं आपट, ते नुसतं फुलत राहणार.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं होतं की मावशीच्या झाडाची बी म्हणजे मावशीसारखंच झाड येणार. रोप बघून कुणालाच कळत नाही, फूल येईपर्यंत वाट बघावी लागते. मी जोमदार तेवढी निवडली आणि नेमके सातही नर निघाले. बारीक म्हणून उपटली त्यांत एखादी मादी असणारच.

तेव्हा दोष लावणारीच्या हाताचा नाही आणि पाणी घालणारीच्या हाताचाही नाही. झाड नर आहे म्हणून फळत नाही. हे तुझ्या सासूला सांग. आणि तुझा नवरा जेवायला बसला असेल तेव्हा त्याच्यासमोर सांग, याच शब्दांत. पाटावरून उठून जायच्या आत सांग.

रागावून लिहिलंस ते बरं केलंस. तुझ्या पहिल्या पत्रापेक्षा हे मला जास्त आवडलं.

चंद्रावती

* * *

देवगड
ता. १८ नोव्हेंबर १९६०

चंद्रावतीताई,

अडीच वर्षं मी लिहिलं नाही. का ते आता सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ते बोलले. हे जेवत होते. मी म्हटलं, झाडं नर आहेत म्हणून फळत नाहीत, लावणारीचा दोष नाही, पाणी घालणारीचाही नाही. सासूबाई हसायला लागल्या. हे हसले नाहीत. हात ताटातच राहिला. मग मला विचारलं, "ह्या तुका कोणी सांगल्यान?" मी म्हटलं, असंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले नाहीत. कुऱ्हाड घेतली आणि सातही रतांबे स्वतः तोडले, गडी बोलावला नाही. मी आडवी गेले तर माझा हात असा पिरगळला की अजून कळशी डाव्या कमरेवर घ्यावी लागते. एवढा राग झाडांवर कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता थोडंथोडं कळतंय असं वाटतं, पण माझ्या कळण्याला इथे कोण विचारतो?

पौष सरला की पंच बसवणार आहेत. मला पाठवून द्यायचं ठरल्यातच जमा आहे. आचऱ्याच्या गुणाजीची मुलगी पाहून ठेवली आहे, शेवंती तिचं नाव, एकोणीस वर्षांची. माझी आई गेल्या वर्षी वारली. माहेरी भाऊ आहे, त्याची सहा पोरं आहेत, आणि मी गेले तर ओटीवर झोपायचं. मला या घरात राहायचंय ताई. हे घर चांगलं आहे म्हणून नाही, पण दुसरं नाही म्हणून.

एकच विचारते आणि खरं सांगा. या घरात नऊ वर्षांत तुम्हाला कधी दिवस गेले होते का? आणि इथून गेल्यावर तुमचं काय झालं? तुमचं नाव इथे कुणी काढत नाही, तुमच्या गावची बातमी कुणी विचारत नाही. पंचांसमोर बोलायला माझ्या हातात काहीतरी पुरावा हवा. पौष सरायच्या आत लिहा.

विमला

* * *

तोंडवली
ता. ५ फेब्रुवारी १९६१

विमला,

तुझं पत्र नोव्हेंबरातच मिळालं. उत्तरही त्याच आठवड्यात लिहिलं आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. ते आज काढलं, वाचलं, फाडलं आणि हे नवं लिहिते आहे. पौष सरला हे मला माहीत आहे.

नऊ वर्षांत मला एकदाही दिवस गेले नाहीत. तिथून आल्यावर १९५३ साली भावाने माझा पाट लावून दिला. महादू या नवऱ्याचं नाव, इथेच होडी आहे त्याची, विधुर होता. दुसऱ्याच वर्षी मला मुलगी झाली. आनंदी. पुढच्या महिन्यात सात वर्षांची होईल. तुला लिहिलं होतं ना, अंगणात एक पोर करवंदं घेऊन बसलंय म्हणून? ते पोर माझं.

तुला पहिल्याच पत्रात हे सांगता आलं असतं. एका ओळीचं काम होतं. तुझ्या सासूला मुलीसकट दारात जाऊन दाखवताही आलं असतं. मी सांगितलं नाही, आणि विसरले म्हणून नाही, मुद्दाम सांगितलं नाही. माझ्या पाटावर बसलेल्या बाईने मी ऐकलं ते सगळं नऊ वर्षं ऐकावं, असं मला वाटत होतं. तू वाईट नाहीस हे मला तुझ्या पहिल्या ओळीत कळलं होतं, तरी वाटत होतं. म्हणून भावाच्या दुकानाचा पत्ता ठेवला, माझ्या घराचा तुला कळू दिला नाही.

आणि रतांब्यांचं सांगितलं तेही तुझ्यासाठी नव्हे. ते तू त्याच्यासमोर बोलावंस आणि त्याचं तोंड कसं झालं ते मला लिहून कळवावंस, एवढ्यासाठी. तो उठून हात उचलेल हे मला ठाऊक होतं, माझ्यावरही उचललेला आहे. तुझ्या हाताचं वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. त्याला समजलं होतं विमला. माझ्या वेळीही समजलं असणार. म्हणूनच त्याने गडी बोलावला नाही.

हे पत्र पंचांना दाखव. खाली माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि मुलीची जन्मतारीख घालते. पंचांनी बोलावलं तर मी मुलीला घेऊन येईन.

चंद्रावती महादू
मुलगी आनंदी, जन्म ११ मार्च १९५४

* * *

मिठबाव
ता. २१ फेब्रुवारी १९६१

चंद्रावतीबाई,

पंच २६ जानेवारीला बसले. त्या दिवशी शाळेतली पोरं झेंडा घेऊन गावातून फिरत होती म्हणून तारीख लक्षात आहे. माझ्या भावाने मान खाली घालून काडी मोडली. मला बोलायला सांगितलं, मी काय बोलणार? झाडं नर होती एवढंच मला माहीत होतं, आणि ती तर तोडून झाली होती. तुमचं पत्र देवगडला नसीमाकडे पडलं होतं. तिने माझ्या भावाचा पत्ता शोधून ते इकडे पाठवलं. वर तिच्या मुलाकडून एक चिठ्ठी लिहवून घेतली, की हे आधी आलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाचता येत नाही, तरी तिला कळलं.

मी ओटीवर झोपते. भावजय वाईट नाही, पण पोरं अंगणात खेळताना मी आले की ती त्यांना घरात बोलावते.

मी तुम्हाला ताई म्हणत होते. करवंदाची कुठली जात कशाला हे तुम्ही इतक्या मायेने लिहिलं होतं की ते पत्र मी पाच वर्षं पेटीत जपलं. आता तेच पुन्हा वाचलं तेव्हा त्यात तुमची मुलगी बसलेली दिसली, आणि मला उमगलं की तुम्ही मला चिडवत होतात. पंचांचा राग मला येत नाही, ते असेच. सासू होत्या त्या यमुनाबाईंचाही येत नाही. तुमचा येतो.

क्षमा मागितली नाहीत हे बरं केलंत, माझ्याकडे ती नाही.

एक काम मात्र आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. शेवंतीचं लग्न चैत्रात आहे. मी जाऊन सांगितलं तर म्हणतील टाकलेली बाई जळते आहे. तुमच्याकडे दाखवायला मुलगी आहे. तिला घ्या आणि आचऱ्याला जा, गुणाजीच्या दारात उभ्या राहा आणि तोंडाने सांगा. पत्र लिहू नका. तुमची पत्रं उशिरा येतात.

विमला

* * *

तोंडवली
ता. ९ एप्रिल १९६१

विमला,

मी गेले होते. महादू म्हणाला, जुनं उकरून काढू नकोस, पोरीला तरी त्यात घेऊ नकोस. तरी गेले. आनंदीला नवं परकर-पोलकं घातलं, आणि तिला वाटेत सांगितलं की तिथे कुणी काही विचारलं तर फक्त तुझं नाव आणि वय सांगायचं.

गुणाजी माणूस चांगला आहे. ओटीवर बसवलं, शहाळं फोडून दिलं. मी सगळं सांगितलं, माझी नऊ वर्षं, तुझी दहा, आणि ही माझी मुलगी. तो आनंदीकडे बराच वेळ बघत होता. मला वाटलं, आता हा उठेल आणि लग्न मोडलं म्हणून सांगेल. मग म्हणाला, "बाय, तुझा म्हणणा खरा आसात. पण पोरीचा लगीन ठरला, गावाक म्हायत झाला. आता मोडला तर तिका कोण करून घेतलो? तिच्या मागसून आणखी दोघी आसत." मी रतांब्यांचंही सांगितलं. त्यावर तो चिडला. "झाडाची गोष्ट माणसाक कित्याक लावतंस?" म्हणाला आणि आत गेला. बाहेर आलाच नाही. शहाळं अर्धं राहिलं.

परत निघालो तेव्हा मागून शेवंती धावत आली. तिने दाराआडून सगळं ऐकलं होतं. बारीक, सावळी मुलगी आहे, तुझ्या अक्षरावरून मी तुला जशी समजत होते तशी. मला वाटलं रडेल किंवा शिव्या देईल. ती मला गोठ्यामागे घेऊन गेली. तिथे नारळाच्या करवंट्यांत रतांब्याची नऊ रोपं ओळीने लावलेली होती, नीट शिंपलेली. यमुनाबाईने सांगून पाठवलंय म्हणे, की आमचं परसू ओकं झालंय, येताना माहेरची रोपं घेऊन ये.

तिने मला विचारलं, "काकी, माका एकच सांगा. ह्यांतला फळतला खंयचा?"

मी खाली बसले. एकेक रोप हातात घेऊन पाहिलं. बारीक आणि जोमदार, सगळी सारखीच हिरवी. आनंदीने एकाकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्या." तिला तो करवंदांसारखा खेळ वाटला. मी शेवंतीला म्हटलं, नाही सांगता येत मुली. फूल येईपर्यंत कुणालाच सांगता येत नाही, आणि फुलायला नऊ वर्षं लागतात. तोवर ते तुला काय काय म्हणतील ते मात्र मी आज सांगू शकते. सांगितलंही, एकूण एक शब्द. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पण माका जावचाच लागतला."

लग्न परवा झालं. नऊही रोपं घेऊन ती गेली.

तुझ्याकडून मी उत्तर मागत नाही. झाल्या गोष्टी तुला कळवणं माझ्याकडे लागत होतं, म्हणून लिहिलं. आचऱ्याहून निघताना मी शेवंतीला कागदावर पत्ता लिहून दिला आणि सांगितलं की पहिलं दूषण ऐकलंस त्या दिवशी लिही, दुसऱ्याची वाट बघू नकोस. भावाच्या दुकानाचा नाही दिला. माझ्या घराचा दिला. तोच खाली तुलाही लिहिते आहे.

चंद्रावती
महादूचं घर, होड्यांच्या मांगराशेजारी, तोंडवली